वहीतलं वहीत, बाहेरचं बाहेर: रोजनिशी आणि ब्लॉग दोन्ही लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मराठी घरातली पहिली रोजनिशी भिंतीवर टांगलेली असते. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयच्या चौकोनांत माझी आई लिहायची: 'गॅस लावला', 'दूध अर्धा लि.', 'बाई नाही', 'दाढ'. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सगळं दिसायचं आणि त्यातून आमच्या घराचं कुणाला काहीही कळायचं नाही. दुसरी रोजनिशी तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती. ती असल्याचंच आम्हाला आई गेल्यावर कळलं.

लिहायला लागलेली मंडळी मला हटकून एक प्रश्न विचारतात: डायरीही लिहायची आहे, ब्लॉगही काढायचा आहे, मग एकच मजकूर दोन्हीकडे घातला तर? मी भांडुपला राहते, फोर्टमध्ये हिशेबाचं काम करते, वही १९९८ पासून लिहिते आणि ब्लॉग २०११ पासून. दोन्ही एकत्र करून पाहिलं, पस्तावले, मग वेगळं केलं. नवख्यांना धास्ती असते ती खासगी काहीतरी बाहेर फुटण्याची. तसं होतंही, त्याबद्दल पुढे येईलच. पण माझ्या मते खरी गडबड उलट्या दिशेने होते. बाहेरचा वाचक गुपचूप वहीत येऊन बसतो आणि तुम्ही स्वतःशीसुद्धा सजवून बोलायला लागता. खाली जे सांगते आहे ते मुख्यतः या पाहुण्याला वहीच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी.

पहिली पायरी: महिनाभर फक्त वही

ब्लॉगचं नाव सुचलं असेल तर ते एका कागदावर लिहा आणि कागद बाजूला ठेवा. पहिला महिना वहीचा.

वही साधी घ्या. दोनशे पानी, रेघांची, मऊ पुठ्ठ्याची. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात डझनाने मिळतात. चामडी बांधणीची महागडी वही घेतली की पहिलं वाक्य चांगलंच यायला हवं असं दडपण येतं आणि ती वही तिसऱ्या पानावर मरते. जानेवारीत बँकेकडून किंवा विमा एजंटकडून येणारी, तारखा छापलेली डायरीही नको. चार दिवस लिहायचे राहिले की ती कोरी पानं तुमच्याकडे बघत बसतात. तारीख स्वतःच्या हाताने घातली तर खाडा दिसत नाही.

आता मुंबईचा प्रश्न: वही ठेवायची कुठे? वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतात, तिथे 'माझा खण' ही चैन आहे. कुलूप लावलं तर सगळ्यांचं लक्ष जातं. माझा अनुभव असा की कुलपापेक्षा करार बरा. घरच्यांना एकदा स्पष्ट सांगा: ही माझी वही, ती वाचायची नाही. आणि कराराला थोडा हातभार म्हणून वहीला कंटाळवाणं नाव द्या. माझ्या सगळ्या वह्यांवर 'वीज बिलं' असं लिहिलेलं आहे, पुढे सालं. पंचवीस वर्षांत कुणालाही जुनी वीज बिलं वाचण्याची इच्छा झालेली नाही.

फोनवर लिहिणारे म्हणतील, आमच्याकडे पासवर्ड आहे. असेल. पण घरात एकच खातं तीन उपकरणांवर चालू असतं हे विसरू नका. २०२० मध्ये मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी आम्ही एक टॅब घेतला आणि त्यावर माझंच खातं टाकलं. चौथ्या दिवशी मुलगा विचारतो, "आई, तुला आजीचा एवढा राग का येतो?" माझ्या फोनवरच्या नोंदी आपोआप टॅबवर उतरल्या होत्या. फोनवरच लिहायचं असेल तर वेगळं खातं काढा, ते फक्त तुमच्याच फोनवर ठेवा, आणि नोंदींच्या ॲपला त्याचं स्वतःचं कुलूप लावा. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आता उत्तम आहे, पण ती लोकलमध्ये वापरू नका. अख्खा डबा तुमची डायरी ऐकतो.

दुसरी पायरी: वहीला निरुपयोगी राहू द्या

रोज पाच ओळी पुरेत. तारीख, वेळ, जागा, आणि मग जे आलं ते. भाज्यांचे भाव लिहा, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत लिहा. बोललेली वाक्यं सगळ्यात आधी विसरतात. भावना काय, मागून कधीही आठवतात, आणि आठवताना सोयीच्या होतात.

शुद्धलेखन तपासू नका, शेवट करू नका, विनोद सुचला तर लिहा पण सुचवायला बसू नका.

अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्याची सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगांवर. प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच तर वाईटच वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्या लेखनाला दाद देणारा वाचक कुणी नव्हता, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. आता हे वाचून कुणी स्वतःवर उपचार सुरू करू नयेत. एखाद्या आठवणीवर लिहिताना फारच गुदमरायला झालं तर पेन ठेवा आणि उठा, वही कुठे पळून जात नाही.

एक वादाचा मुद्दा आहे, नावांचा. वहीत नावं पूर्ण लिहावीत असं माझं मत आहे. २०१३ च्या वहीत माझ्याच अक्षरात तीन ठिकाणी आहे: 'स. ने पुन्हा तेच केलं.' स. कोण, तेच म्हणजे काय, मला आज काही म्हणता काही आठवत नाही. सावधगिरी इतकीही नको की आपल्याच घरात आपण परके.

तिसरी पायरी: आठवड्यातून एकदा निवडणं

संध्याकाळच्या लेडीज डब्यात तुम्ही हे पाहिलंच असेल. बसायला जागा मिळाली की बायका पिशवीतून मेथी काढतात. पानं एका पिशवीत, दांडे दुसऱ्या, मुळं आणि माती तिसऱ्या. कल्याण येईपर्यंत भाजी तयार. मी त्यांच्याच शेजारी बसून वही निवडायला शिकले.

शनिवारी किंवा रविवारी आठवड्याची पानं वाचा. हातात पेन्सिल ठेवा, पेन नको, कारण मत बदलतं. समासात तीनपैकी एक खूण करा. गोल: हे कधीतरी बाहेर जाऊ शकेल. फुली: हे कधीच नाही. काहीच खूण नाही: अजून कळत नाही. माझ्याकडे सात दिवसांत एखादा गोल निघतो, काही आठवड्यांत एकही नाही. तुमच्या वहीत रोज गोल दिसायला लागले तर मी सांगत होते तो पाहुणा आत शिरलाय असं समजा.

फुली मारण्याची माझी कसोटी अशी: ती गोष्ट माझी आहे की दुसऱ्याची? माझं आजारपण माझं. बहिणीचं आजारपण मी कितीही रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या असल्या तरी बहिणीचं. माझी त्या रात्रींमधली भीती माझी. अशी मेथी बारकाईने निवडावी लागते, पान आणि दांडा एकमेकांना चिकटलेले असतात.

चौथी पायरी: मुरू द्या

गोल केलेली गोष्टही लगेच लिहायला घेऊ नका. किती थांबायचं याचे माझे ठोकताळे आहेत. रागाला एक महिना. भांडणाला, समेट होईपर्यंत. झालाच नाही तर कधीच नाही. घरातल्या मृत्यूला वर्षश्राद्ध होईपर्यंत. सुतकाच्या दिवसांत वहीत पानंच्या पानं लिहा, पण तेराव्याच्या आत बाहेर एक ओळही नको. त्या दिवसांत आपण काय लिहितोय हे आपल्यालाच कळत नसतं, आणि लोक सांत्वनाला आल्यावर पुन्हा त्याच वाक्यांना उत्तरं देत बसावी लागतात.

दुसऱ्याच्या कामाची माहिती मात्र थांबवू नका. कुठल्या रस्त्यावर पाणी तुंबलंय, रेशन कार्डाच्या दुरुस्तीला कुठले कागद लागले, हे त्याच रात्री लिहा. त्यात तुम्ही नसताच, तर मुरवायचं काय?

२६ जुलै २००५ ची माझी नोंद कार्यालयातल्या जुन्या खतावणीच्या मागच्या पानांवर आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३. म्हणजे फोर्टमध्ये आम्हाला आधी कळलंच नाही की उपनगरं बुडालीत. गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात, रात्र टेबलांवर काढली. खतावणीत लिहिलंय: 'आईचा फोन लागत नाही. भिंतीवर पालीसारखी बसून आहे भीती. मोठ्या साहेबांकडे ठेपल्यांचा डबा होता, त्यांनी पाठ करून एकट्यानेच खाल्ला.' हे मी बाहेर लिहिलं २०१५ मध्ये. दहा वर्षांनी लिहिताना साहेबांवरचा राग गेलेला होता. उरली होती फारसा पाऊस नसलेल्या जागी बसून दुसरीकडचा पाऊस थांबण्याची वाट पाहण्याची विचित्र रात्र. डबा ठेवला, साहेब काढले. २००५ मध्येच लिहिलं असतं तर सगळा लेख ठेपल्यांवर झाला असता.

पाचवी पायरी: उचलून चिकटवू नका, पुन्हा लिहा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वहीतलं पान फोटो काढून किंवा जसंच्या तसं टाइप करून बाहेर टाकायचं नाही. वही बंद करायची, आठवणीतून नव्याने लिहायचं, आणि अडलं तरच वही उघडायची.

वहीतली एक खरी नोंद देते, फक्त वेळ आणि स्टेशन बदललंय:

'मंगळवार रात्र. गाडी १८ मिनिटं लेट. घाटकोपरला एक बाई रडत चढली. कुणी विचारलं नाही. मीही नाही. विचारलं तर उतरेपर्यंत ऐकावं लागेल असं वाटलं. घरी आले, ह्यांनी भात लावला नव्हता. भांडले. अगदी आईसारखी बोलले. मेथी ३० रु.'

यातून बाहेर काय गेलं? भाताचं भांडण गेलं नाही, ते आम्हा दोघांचं. 'आईसारखी बोलले' हे वाक्य तर फुलीचंच, कारण ते वाचताना लोकांना मी नाही, माझी आई दिसणार आणि ती उत्तर द्यायला नाही. रडणाऱ्या बाईचं स्टेशन, वार, साडी बदलली. तिची ओळख पटावी असं काहीच ठेवलं नाही, कारण तिने मला परवानगी दिलेली नव्हती. उरलं काय, तर एका भरलेल्या डब्यात सगळ्यांनी खिडकीबाहेर बघणं, आणि त्यात माझं बघणं. 'मीही नाही' हे दोन शब्द ठेवले. तेच काढून टाकले असते आणि शेवटी 'हल्ली माणुसकी उरली नाही' असं लिहिलं असतं, तर तो लेख एव्हाना व्हॉट्सॲपवर वपुंच्या नावाने फिरत असता. (मराठीत गोड गोड काहीही लिहिलं की ते पुलंच्या किंवा वपुंच्या खात्यावर जमा होतं. ही एकच ठेव अशी आहे की जिच्यावर व्याज दुसऱ्यालाच मिळतं.)

म्हणजे खासगी ते झाकायचं म्हणून स्वतःला लेखातून पूर्ण पुसायचं नाही. स्वतःची लाज थोडी दाखवायची, दुसऱ्याची झाकायची. नवखे बहुतेक उलट करतात.

अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना मराठीत वाचलेली असते. तिनेही ही पायरी केली होती, हे मला फार उशिरा कळलं. २८ मार्च १९४४ ला लंडनहून होणाऱ्या डच प्रक्षेपणात, तिथे आसरा घेतलेल्या डच सरकारच्या मंत्र्याने लोकांना सांगितलं की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा, ती पुढे गोळा केली जातील. ते ऐकून मे महिन्यात ती सुट्या कागदांवर सगळं नव्याने लिहायला लागली. माणसांना टोपणनावं ठरवली, काही भाग गाळले, काही खुलवले. मूळ वही तिने तशीच राहू दिली आणि त्या वहीत लिहिणंही चालू ठेवलं. चौदा वर्षांच्या मुलीला जे उमगलं ते मला चाळिशीत उमगलं.

सहावी पायरी: माणसांचं काय

२०१२ मध्ये मी 'फ्रीजमधल्या वाट्या' असा एक लेख लिहिला. उरलेलं चमचा-चमचा वाट्यांत भरून ठेवणाऱ्या एका नातेवाइकाबद्दल. नाव नव्हतं. गाव बदललं होतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होते. पण वाट्यांची निळी झाकणं तशीच ठेवली, आणि ती झाकणं सबंध सासरला पाठ होती. मोठ्या नणंदबाईंचा फोन आला. "अगं, वाट्या मोजल्यास त्या मोजल्यास. चव्हाट्यावर कशाला मांडल्यास?" मी म्हटलं, "ताई, नाव कुठे आहे तुमचं?" त्या म्हणाल्या, "नाव असतं तर बरं होतं. आता सगळे मला न सांगता हसतात." त्या वर्षी भाऊबीजेला त्या आल्या, ओवाळलं आणि चहासुद्धा न घेता गेल्या.

तेव्हापासूनचे नियम. एक, आद्याक्षराने कुणी लपत नाही. 'मुलुंडच्या, बँकेतल्या, दोन मुली असलेल्या' म्हटलं की मुलुंड पश्चिमेला सगळ्यांना कळतं. ओळख नावात नसते, निळ्या झाकणात असते, तेच बदला. दोन, ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. फोनवर पाठवू नका, समोर बसून वाचा. वाचताना ज्या वाक्याला तुमचाच आवाज खाली जातो ते वाक्य काढा, त्यांनी काही म्हणायची वाट बघू नका.

घरी कामाला येणाऱ्या मावशी तुमचा ब्लॉग वाचणार नाहीत. म्हणून त्यांच्यावर लिहिणं सोपं वाटतं आणि मुंबईतल्या निम्म्या ब्लॉगांवर कुणाची तरी मावशी असतेच: तिचा नवरा, त्याची दारू सोडवायची तिची खटपट, तिची हुशार मुलगी. त्यांनाही वाचून दाखवा. मी एकदा दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, "सगळं बरोबर लिहिलंय ताई, पण पगार का नाही लिहिला?" मी तो लेख छापला नाही.

मुलांबद्दल थोडक्यात: शाळेचा गणवेश, बसथांबा, सोसायटीच्या नावाची पाटी, यातलं काही फोटोत येऊ देऊ नका. आणि मूल बारा वर्षांचं झालं की त्याला नकाराधिकार द्या. माझा मुलगा तो सढळ हाताने वापरतो.

सातवी पायरी: नाव कोणतं लावायचं

टोपणनावाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात समाजाचे कान उपटत होते, ते 'लोकहितवादी' या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या आणि कविता आरती प्रभू या नावाने. म्हणजे दोन प्रकारच्या लेखनाला दोन नावं असण्यात लबाडी काही नाही.

टोपणनाव घेणार असाल तर त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा आणि तो घरच्या कुठल्याही कामाला वापरू नका. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करा. नाहीतर फोटोच्या पोटात तुमच्या गॅलरीचे अक्षांश-रेखांश जातात. पण टोपणनाव हे बुरख्याइतकंच काम करतं, चाल ओळखणारे ओळखतातच. सरकारी नोकरांनी महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ आधी डोळ्यांखालून घालावेत, टोपणनाव असलं तरी. खासगी कंपन्यांतही हल्ली नेमणूक पत्रासोबत समाजमाध्यमांचे नियम सही करून घेतात. ते कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

आणि गणपतीला कोकणात गेलात तर तिथला लेख परत आल्यावर टाका. 'आम्ही सगळे दहा दिवस गावी' हे वाक्य बंद दाराच्या फ्लॅटसाठी चांगलं नाही.

आठवी पायरी: आता ब्लॉग उघडा

हा भाग अर्ध्या तासाचा आहे, त्याचा बाऊ नको. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे फुकटात सुरुवात होते आणि दोन्ही देवनागरी नीट दाखवतात. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक लेखाला वेगळी दृश्यता ठरवता येते: सगळ्यांसाठी, पासवर्ड असलेल्यांसाठी किंवा फक्त स्वतःसाठी. ब्लॉगरमध्ये सबंध ब्लॉग निवडक ईमेल पत्त्यांपुरता ठेवता येतो, आणि शोधयंत्रांना तो दाखवायचा की नाही हेही ठरवता येतं. पहिले दोन-तीन महिने चार-पाच ओळखीच्या वाचकांपुरताच ठेवलात तर भीड चेपते.

सेटिंग बदलल्यावर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. तुम्ही आत असता म्हणून तुम्हाला सगळंच दिसतं. दुसऱ्याच्या फोनवर, खात्यात न शिरता, पत्ता उघडून बघा.

रोजनिशीसाठी ब्लॉगचे 'ड्राफ्ट' वापरू नका. सोयीचं वाटतं, सगळं एकाच ठिकाणी. पण रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना, 'जतन करा' आणि 'प्रकाशित करा' ही बटणं एकमेकांच्या फार जवळ येतात. खासगी एका वस्तूत, बाहेरचं दुसऱ्या. लेख मागाहून काढून टाकू, या भरवशावरही राहू नका. १९९६ पासून वेबवरची पानं साठवत आलेलं इंटरनेट आर्काइव्ह आहे, आणि त्याहून चपळ अशी स्क्रीनशॉट काढणारी तुमची मावसबहीण आहे.

कायद्याचंही एकदा वाचून ठेवा. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६ अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणून आता काहीही लिहायला मोकळीक आहे असं नाही. अब्रुनुकसानी हा अजूनही गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो आणि दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. लिहिलेलं खरं होतं एवढ्यावर सुटका होत नाही; ते सांगणं लोकहितासाठी गरजेचं होतं हेही दाखवावं लागतं. सोसायटीच्या सेक्रेटरीवर लिहिण्याआधी हे आठवा.

नववी पायरी: पाहुणा आत आलाय का, हे तपासत राहा

ब्लॉगला महिन्याला दोन लेख भरपूर झाले. वही रोज. हे प्रमाण उलटं व्हायला लागलं की सावध व्हा.

खुणा ओळखता येतात. वहीत तुम्ही 'आपण सगळेच' असं लिहायला लागता. नोंदीला शीर्षक सुचतं. परिच्छेदाच्या शेवटी टाळी घेणारं वाक्य येतं. भाज्यांचे भाव नाहीसे होतात. भांडणात तुम्ही नेहमी समजूतदार असता. माझ्या २०१४ च्या वहीत पावसाळ्यातल्या एका नोंदीची सुरुवात आहे: 'मित्रांनो, आज सांगते एक गंमत.' माझ्याच वहीत मी कोणाला मित्रांनो म्हणत होते?

उपाय एकच माहीत आहे. ब्लॉग दोन आठवडे बंद, वाचकसंख्येचा तक्ता बघणं बंद, आणि वहीत मुद्दाम वाईट लिहायचं. तुटक, रटाळ, यादीसारखं. 'उठले. पाणी ६.१० ला आलं. डोकं दुखतंय. ९.०४ गेली.' आठव्या-नवव्या दिवशी एखादं खरं वाक्य चुकून येऊन जातं. त्याला गोल करायची घाई नको.

शेवटची पायरी: जुन्या वह्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे निघतात तेव्हा वर्षातून एकदा दोन्ही घरं झाडा. ब्लॉगवरचे जुने लेख वाचा, ज्यात आज दुसऱ्या कुणाला टोचेल असं दिसतं ते काढा, उरलेल्यांची प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि आपल्यामागे वह्यांचं काय करायचं ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या नाहीत. माझ्या आईने सांगितलं नव्हतं. तिची वही मी उघडली, अकरा पानं वाचली आणि बंद केली. उघडायला नको होती की सगळी वाचायला हवी होती, हे अजून ठरलेलं नाही.

ज्या वह्या ठेवायच्या नाहीत त्या रद्दीत देऊ नका. या शहरात कागद वाया जात नाही. दोन महिन्यांनी चौपाटीवर भेळ घ्याल आणि पुड्याच्या आतल्या बाजूला तुमचंच अक्षर असेल. पानं हाताने बारीक फाडा, बादलीत पाणी घेऊन रात्रभर भिजत ठेवा. फाउंटन पेनची शाई सुटून पाणी निळं होतं. बॉलपेनची सुटत नाही, म्हणून ती पानं जास्त बारीक फाडावी लागतात. सकाळी लगदा पिळून कचऱ्यात. बादली मात्र पाणी जायच्या आत धुऊन ठेवा, नाहीतर आंघोळीला कोणीतरी विचारतं, हे निळं काय आहे.